बाई कुठे गेली? हेडफोनची निवड आणि दुरुस्ती, एका वाइंडिंगवाल्याच्या टेबलावरून

मागच्या महिन्यात एका रविवारी भाची घरात शिरली ती चपला काढायच्या आधीच सांगत, "मामा, माझ्या हेडफोनमधली बाई गेली."

"कुठली बाई?"

"अरे गाणारी! वाद्यं वाजतायत, मागचा कोरस पण आहे. फक्त गाणारी बाई नाहीये. तूच ऐक."

कानाला लावून पाहिलं तर खरंच. गिटार आणि व्हायोलिनं दोन्ही बाजूंना लांब कुठेतरी, आणि बाईचा आवाज शेजारच्या मंगल कार्यालयातून यावा तसा, नुसता घुमारा, शब्द एकही धड नाही. मग मी फोनवर डी. व्ही. पलुस्करांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, तर जवळजवळ सगळंच गप्प. गाणं फोनच्या पडद्यावर पुढे सरकतंय आणि कानात शांतता.

"घ्या, आता बुवाही गेले," भाची म्हणाली.

मला मात्र तेवढ्यात रोग कळला होता. नाशकात सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप, पंखे, मिक्सर असलं सगळं दिवसभर उघडून बसलेलं असतं. हेडफोन हा माझा धंदा नाही, पण त्याच्या आतही शेवटी तांब्याची गुंडाळी आणि लोहचुंबकच असतं. गुंडाळीला पातळ पडदा चिकटवलेला. वीज मागेपुढे झाली की गुंडाळी मागेपुढे होते, पडदा हवा ढकलतो आणि कानाला ते गाणं वाटतं. मोटार फिरते, हे थरथरतं, एवढाच फरक. त्यामुळे गल्लीतले, नात्यातले सगळे बिघडलेले हेडफोन आपोआप माझ्या टेबलावर येतात.

तर बाई का गेली? जॅकची पिन नीट बघा. काळ्या पट्ट्यांनी तिचे भाग पाडलेले असतात. टोकावर डावा आवाज, त्यामागच्या कड्यावर उजवा, आणि एक भाग दोघांचा सामाईक परतीचा रस्ता, म्हणजे ग्राउंड. माइक असलेल्या पिनेला आणखी एक कडं असतं. भाचीच्या वायरीत ग्राउंडची तार पिनेच्या मानेशीच तुटली होती. परतीचा रस्ता बंद झाल्यावर वीज डाव्या गुंडाळीतून निघून उजवीतून जायला बघते. आता गाणाऱ्याचा आवाज स्टीरिओ गाण्यात बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा. रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखाच जोर लागला तर दोर जागचा हलत नाही, तसं होतं. जे दोन्हीकडे सारखं ते शून्य, आणि दोन्हींतला फरक तेवढा ऐकू येतो. डी. व्ही. पलुस्कर १९२१ साली आपल्या नाशकातच जन्मले आणि १९५५ साली गेले. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचं गाणं एकाच वाहिनीवरचं, मोनो, डावं-उजवं तंतोतंत एक. म्हणून बुवा, तंबोरा, तबला सगळे एकदम गायब.

मीटर लावून खात्री केली. टोक ते कडं साधारण ६४ ओहम, म्हणजे दोन्ही गुंडाळ्या शाबूत. टोक ते ग्राउंड, मीटरवर नुसताच १, म्हणजे मोजता येण्यापलीकडचा अडथळा. रस्ता बंद. वायर पिनेपासून दोन सेंटिमीटरवर कापली आणि नवी पिन सोल्डर केली. या वायरीतल्या तारा केसासारख्या बारीक आणि लाखेचा मुलामा दिलेल्या असतात, आमच्या मोटारीच्या तारेसारख्याच. तो मुलामा जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. घरी पहिल्यांदा करणारे नेमके इथेच अडकतात आणि "सोल्डर केलं तरी चालत नाही" म्हणतात. लायटरने जाळू नका, तारच जळून तुटते. गरम सोल्डरिंग गनच्या टोकावर थोडं ताजं सोल्डर घेऊन त्यात तार बुडवून धरली की मुलामा निघतो.

याच लक्षणाचा एक जुळा भाऊ आहे. जुन्या माइकवाल्या हेडफोनमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागा आजच्या फोनपेक्षा उलट असायच्या. तसला हेडफोन नव्या फोनला लावला की तिथेही बाई गायब होते. ओळखायची खूण सोपी आहे: वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. दाबल्याबरोबर गाणं पूर्ववत झालं आणि सोडल्यावर पुन्हा गेलं, तर वायर ठीक आहे, जोडणीची पद्धत वेगळी आहे. त्यासाठी छोटा अडॅप्टर मिळतो, पिन कापायची गरज नाही.

"बरं मामा, नवीन घ्यायचा तर कुठला घेऊ?"

दुरुस्त झालेला हेडफोन गळ्यात अडकवून भाचीने हा पुढचा प्रश्न टाकलाच. मी उलट विचारलं, कुठे बसून ऐकणार?

लोक आधी कंपनी विचारतात, मग किंमत, मग "बेस किती". माझ्या मते जागा आधी. तिचे बाबा आठवड्यातून तीन दिवस पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. त्यांच्यासाठी आणि रात्री घरात बसून शांतपणे ऐकणाऱ्या हिच्यासाठी एकच हेडफोन चांगला असूच शकत नाही.

घरात, आजूबाजूला शांतता आणि झोपलेलं कोणी नसेल, तर मागून जाळी असलेला, उघड्या पाठीचा हेडफोन ऐकून बघावा. आवाज डोक्यात कोंबल्यासारखा वाटत नाही, वाद्यं जरा लांब, मोकळ्या जागेत बसल्यासारखी वाटतात. सेनहायझरने एचडी ४१४ हा असला पहिला हेडफोन १९६८ साली आणला. तोटा असा की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सगळं येतं. शालिमारच्या रिक्षा थांब्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे बंद पाठीचा किंवा कानात घुसणारा हवा.

गाडीत बसणाऱ्यांनी बाहेरचा गोंगाट खोडणाऱ्या प्रकाराचा विचार करावा. दुकानात त्याला 'नॉइज कॅन्सलिंग' म्हणतात. बाहेरच्या बाजूला छोटा माइक असतो, तो गोंगाट ऐकतो, आतली चिप त्याची नेमकी उलटी लाट तयार करून पडद्यावर सोडते, आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. पुन्हा तीच रस्सीखेच, फक्त या वेळी मुद्दाम केलेली. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात सुचली. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपुढे काही ऐकूच येईना, म्हणून त्यांनी तिथेच बसून गणितं मांडली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

पण ही जादू सगळ्या आवाजांवर चालत नाही. गाडीच्या चाकांची एकसुरी घरघर, एसीचं घों घों, हे जाड आवाज ती छान गिळते. शेजारच्या सीटवरचा मोबाईलवर मोठ्याने बोलणारा माणूस तेवढा जात नाही. कारण साधं आहे. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरणाऱ्या घरघरीची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर उलटी लाट बसवताना थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची. तिथे जराशी चूक झाली की खोडणं राहतं बाजूला. त्यामुळे कसाऱ्याच्या घाटातली घरघर कमी होईल, "चाय, चाय गरम" मात्र ऐकू येणारच. आणि ते यावंच.

वायसर

आता जे सांगतो ते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. कानात घुसणाऱ्या इअरफोनचा बेस त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या रबरी टोपणावर जास्त अवलंबून असतो.

सायकलचा पंप आठवा. आतलं वायसर झिजलं की दांडा कितीही खालीवर करा, हवा बाजूने निसटते आणि ट्यूब काही फुगत नाही. जाड स्वरांचं तसंच आहे. कानाच्या नळीत बंद पोकळी असेल तरच तो इवलासा पडदा हवेवर दाब आणू शकतो. टोपण सैल बसलं, कडेला केसाएवढी फट राहिली, की बेस निसटून जातो आणि उरते ती पत्र्यासारखी चिरचिर. मग लोक म्हणतात, "एवढे पैसे दिले आणि आवाज बघा." डब्यात टोपणांच्या तीन जोड्या असतात, त्यांतल्या दोन बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये न उघडलेल्या पडून राहतात. त्या काढा. आपले दोन कान सारख्याच मापाचे असतात असंही नाही. माझ्या उजव्या कानाला मोठं लागतं, डाव्याला मधलं.

परीक्षा अशी: गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर टोपण लहान पडतंय. काही फरक नाही, तर बरोबर बसलंय. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनचंही हेच. चष्म्याची जाड दांडी गादीखाली फट पाडते. गादीचं रेक्झिन भेगाळलं, स्पंज बसला, की आवाज बदलतो आणि दोष बिचाऱ्या यंत्राला लागतो. म्हणून मी असाच हेडफोन घ्या म्हणतो ज्याची गादी सुटी मिळते आणि वायर बदलता येते. गादी बदलून दहा दहा वर्षं चालणारे हेडफोन आहेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा, कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा, सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, आणि लोक अजून तेच हौसेने घेतात. दरवर्षी नवं मॉडेल आलंच पाहिजे असा हा पदार्थ नाही.

खोक्यावरचे आकडे

"२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" असं प्रत्येक खोक्यावर असतं, तीनशे रुपयांच्याही आणि तीस हजारांच्याही. माणसाचा तरणा कान साधारण एवढंच ऐकतो म्हणून हा आकडा. कुठला स्वर किती जोरात येतो ते न सांगता नुसती हद्द सांगणं म्हणजे "आमच्याकडे मिसळ मिळते" असं सांगण्यासारखं आहे. मिसळ नाशकात सगळीकडे मिळते, प्रश्न रश्श्याचा असतो. पडद्याचा व्यास, ४० मिलिमीटर की ५०, यावरूनही चांगलं-वाईट ठरत नाही.

दोन आकडे मात्र कामाचे. पहिला ओहमचा, म्हणजे गुंडाळी विजेला किती अडवते तो, आणि दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे १ मिलिवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो. फोनला किंवा लॅपटॉपला सरळ लावायचा असेल तर १६ ते ६० ओहमच्या आसपासचा घ्या. स्टुडिओतले २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन फार भारी असं ऐकून लोक आणतात आणि फोनला लावल्यावर आवाज कुजबुजल्यासारखा येतो. हिशेब साधा आहे: तेच १ मिलिवॅट पोचवायला ३२ ओहमला सुमारे ०.१८ व्होल्ट लागतात, २५० ओहमला ०.५. बऱ्याच फोनचा व्होल्टेज तिथेच संपत येतो. मग वेगळा अॅम्प्लिफायर घ्या, तो चार्ज करा, खिशात वागवा. घरच्या टेबलावर ठीक, पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कशाला?

ब्लूटूथवाल्यांचा एक वेगळा शब्द असतो, कोडेक. गाणं हवेतून पाठवायला ते दाबून लहान करावं लागतं, त्या दाबण्याच्या पद्धती या: एसबीसी, एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी. सीडीवरचं गाणं सेकंदाला १,४११ किलोबिट. एलडीएसी त्यातले जास्तीत जास्त ९९० नेतो, एसबीसी साधारण ३२८ पर्यंत. ऐकायला फरक प्रचंड वाटतो, पण माझ्या कानाला चांगल्या घडणीचा एसबीसीवाला हेडफोन हलक्या घडणीच्या एलडीएसीवाल्यापेक्षा नेहमीच बरा वाटलाय. शिवाय गाणंच जर व्हॉट्सअॅपवरून पाच हात फिरून आलेलं असेल तर कोडेक काय करणार? १२८ किलोबिटची एमपी३ फाइल ३२० ला बदलून "एचडी" केली असं सांगणारे भेटतात. रसवंतीत चोथा पुन्हा चरकात घातला म्हणून रस वाढत नाही. आधी अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा "डेटा सेव्हर" वर तर नाही ना ते बघा. माझा स्वतःचा दोन वर्षं तिथेच होता.

दुकानात ऐकताना

एम. जी. रोडवर किंवा कॉलेज रोडवर दुकानात गेलात की पोरगा आपल्या फोनवरचं एक गाणं लावतो, ज्यात नुसता धबधबाट असतो, आणि म्हणतो, "दादा, बेस बघा फक्त." ते ऐकू नका. आपला फोन, आपली शंभर वेळा ऐकलेली गाणी न्या. मी तीन गोष्टी नेतो.

पहिली, नाशिक ढोलाचं एक साधं ध्वनिमुद्रण. इतका चांगला परीक्षक दुसरा नाही. टिपरू कातड्यावर पडल्याचा टणका आणि मागोमाग येणारी धुम्म ही दोन वेगळी ऐकू आली पाहिजेत. हलक्या हेडफोनमध्ये दहा ढोल मिळून एकच मऊ भात होतो. बेस भरपूर आहे पण थाप दिसत नाही, असं झालं तर तो ठेवून द्या. त्यावर ताशाची तडतड कानाला टोचते का तेही बघा. तिथे टोचली तर महिनाभरात डोकं धरणार.

दुसरं, तंबोरा. एकट्या तंबोऱ्याचं मिनिटभर. तार छेडल्यावर स्वर उमलत जातो, वर वर बारीक स्वर झळकतात, मग ते विरतात. चांगल्या हेडफोनमध्ये ते विरणं शेवटपर्यंत ऐकू येतं. तिसरं, ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज. मी आईचा एक व्हॉइस मेसेज नेतो. हेडफोनमधली आई सर्दी झाल्यासारखी बोलली, की पुढचा दाखवा म्हणायचं.

आणि दोन हेडफोन तुलनेला घेतले तर आवाजाची पातळी सारखी करून ऐका. मोठा आवाज आपल्याला नेहमी चांगला वाटतो. हळू आवाजात आपल्या कानाला जाड आणि बारीक स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे जो हेडफोन नुसता थोडा जोरात वाजतो तो "भरलेला" वाटतो, आणि दुकानदाराला हे आपल्याहून आधी ठाऊक असतं.

फार स्वस्तात नामांकित माल मिळतोय असं वाटलं तर थांबा. मी एकदा ऑनलाइन अर्ध्या किमतीत एक प्रसिद्ध हेडफोन मागवला. खोकं हुबेहूब, वजनही भरदार. उघडून बघितला तर वजन यावं म्हणून आत लोखंडाची पट्टी चिकटवलेली.

बिघाड शोधायची रीत

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिली गोष्ट शिकवतात: दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. पंप चालत नाही म्हणून कपॅसिटर, स्टार्टर आणि वायर तिन्ही एकदम बदललं आणि पंप चालला, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. गाणं फाइलमधून निघतं, अॅपमधून, फोनमधून, वायर किंवा ब्लूटूथमधून, हेडफोनमधून आणि शेवटी कानात जातं. एका वेळी एक कडी बदला. तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावा. त्याच फोनला दुसरा हेडफोन लावा. एवढ्यानेच निम्मे रोग कळतात.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एका सकाळी उतरलेल्या चेहऱ्याने खाली आले. "अहो, मला वाटतं माझा डावा कान गेला. नेकबँडमधून डावीकडचं फार बारीक येतंय. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय." मी म्हटलं, "काका, आधी दोन्ही बड अदलाबदल करून घाला बघू." डावी उजव्या कानात, उजवी डाव्यात. बारीक आवाज उजव्या कानात गेला. म्हणजे काका ठणठणीत, बड आजारी. भिंग लावून बघितलं तर टोपणाखालच्या बारीक जाळीवर मळाचा पिवळा थर. जाळी खाली करून धरली, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल, आणि जुन्या मऊ कोरड्या टूथब्रशने हळूहळू झाडली. दोन मिनिटांत आवाज परत. पाणी, अत्तर, स्पिरिट यातलं काही तिथे लावायचं नाही, आणि टाचणी तर मुळीच खुपसायची नाही, जाळीमागे लगेच पडदा असतो. काकांनी डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि मला चहाला वर बोलावलं.

जाळी साफ करूनही त्याच बडमधून आवाज बारीक राहिला असता तर फोनचं सेटिंग बघायचं. सुलभता किंवा अॅक्सेसिबिलिटी नावाच्या पानावर डावा-उजवा तोल असतो, खिशात बोट लागून तो सरकतो. आणि बड अदलाबदल करूनही आवाज त्याच कानात बारीक राहिला असता, तर मग खरंच डॉक्टर.

लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे "मीटिंग सुरू झाली की आवाज टेलिफोन बूथमधून आल्यासारखा होतो." हा बिघाड नाही. ब्लूटूथला छान गाणं एका दिशेने पाठवता येतं. पण त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की तो बहुतेक वेळा बोलण्याच्या पद्धतीवर उतरतो: एकच वाहिनी, आणि सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुने, सीडीत ते ४४,१०० असतात. उपाय फुकट आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि ऐकायला हेडफोन ठेवा. विंडोजमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसत असतील तर 'हँड्स-फ्री' सोडून 'स्टीरिओ' घ्या.

वायरवाल्या हेडफोनमध्ये लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच 'घूंऽऽ' येत असेल तर ती बहुतेक वेळा आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर असते. चार्जर काढा. घरघर थांबली, तर हेडफोन निर्दोष आहे. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आमच्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचे सॉकेट बसवलेत, पण तिसऱ्या भोकात अर्थची तार पोचलेलीच नसते, असं मी कितीदा पाहिलंय. घरघर जावी म्हणून चार्जरची अर्थची पिन मोडून टाकणारे महाभागही पाहिलेत. ती पिन जीव वाचवायला असते, गाण्यासाठी नव्हे.

ब्लूटूथ मधेमधे तुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा आपणच असतो. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, आणि शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. फोन उजव्या मागच्या खिशात आणि मुख्य बड डाव्या कानात, म्हणजे मधे सबंध माणूस. फोन त्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवून बघा. त्याच पट्ट्यात घरचं वायफाय आणि मायक्रोवेव्हही बोलत असतात.

ब्लूटूथ लावून कीबोर्डचा रियाज करायचा प्रयत्न मात्र करू नका. पट्टी दाबल्यावर स्वर थोडा उशिरा येतो, आणि हात त्या उशिराशी जुळवायला जातो. व्हिडिओ बघताना फोन चित्रच थोडं थांबवून ते लपवतो, रियाजात ते लपत नाही. तिथे वायरच.

आवाज किती ठेवायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० असेल तर फक्त ४. गाडीत गोंगाटावर मात करायला आपण नकळत वाढवत जातो. त्यासाठी तरी नीट बसणारं टोपण घ्या, म्हणजे आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती ऐकलेल्या गाण्याची आठवण नव्हे.

राहता राहिला माझाच किस्सा. माझ्या जुन्या हेडफोनमध्ये उजवीकडे ठरावीक जाड स्वराला 'फर्रर्र' यायचं. फोन बदलला, वायर बदलली, गाणी बदलली, फर्रर्र कायम. मी धरून चाललो की गुंडाळी चुंबकाला घासतेय, म्हणजे गेला. तीन दिवस तो तसाच पडला होता. शेवटी गादी काढून खिडकीपाशी उजेडात तिरका धरला, तर पडद्यावर एक पांढरा केस आडवा पडलेला, स्वर आला की थरथरणारा. माझा नव्हता, माझे अजून एवढे पिकलेले नाहीत. आमच्या माऊचा होता. चिकटपट्टीच्या तुकड्याने अलगद उचलला, गादी बसवली, ढोल लावला. माऊ तेव्हा टेबलावर, त्या हेडफोनच्या खोक्यातच झोपलेली होती.